विजेतेपदानंतर पावणेतीन वर्षांत दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर: बोरुसिया डॉर्टमुंडचं प्रकरण

४ मे २००२ रोजी बोरुसिया डॉर्टमुंड या फुटबॉल क्लबने वेर्डर ब्रेमेनला २-१ असं हरवून जर्मनीचं विजेतेपद पटकावलं. तीन सामने बाकी असताना लेव्हरकुसेन हा प्रतिस्पर्धी संघ पाच गुणांनी पुढे होता. ती आघाडी त्यांनी घालवली आणि डॉर्टमुंडने ती संधी सोडली नाही. चारच दिवसांनी रॉटरडॅममध्ये युएफा कप या युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात फेयेनूर्डकडून २-३ अशी हार पत्करावी लागली, तरी एकूण हंगाम मिरवावा असाच होता. १७ फेब्रुवारी २००५ रोजी याच क्लबने शेअर बाजाराला कळवलं, की आपली आर्थिक स्थिती क्लबच्या अस्तित्वालाच धोका ठरावी इतकी बिघडली आहे.

मधल्या काळात मैदानावर काय घडलं? पुढच्या हंगामात संघ तिसरा आला, त्याच्या पुढच्या हंगामात सहावा. खालच्या विभागात घसरण नाही, रिकामी स्टँड नाहीत. सरासरी सत्तर हजारांहून जास्त लोक दर सामन्याला येतच होते. बहुतेक क्लबांच्या पडझडीत आधी संघ हरतो, मग प्रशिक्षकाची हकालपट्टी होते, मग कुणीतरी हिशेबाच्या वह्या उघडतो. त्या गडबडीत चूक नेमकी कुणाची, हे कधी सुटं करता येत नाही. डॉर्टमुंडमध्ये ते करता येतं. इथे खेळाडू आणि प्रशिक्षक यांनी त्यांचं काम बऱ्यापैकी केलं होतं. अपयश होतं ते कार्यालयातलं, आणि विजेतेपदाच्या झगमगाटात ते कुणाला दिसलं नाही.

पैसा कुठून आला, कुठे गेला

१९९७ मध्ये डॉर्टमुंडने युव्हेंटसला ३-१ असं हरवून चॅम्पियन्स लीग ही युरोपातली सर्वांत मोठी क्लब-स्पर्धा जिंकली. अध्यक्ष होते गेर्ड नीबाउम, पेशाने वकील, १९८६ पासून खुर्चीवर. त्यांच्या जोडीला १९८९ पासून व्यवस्थापक मिखाएल मायर. एका पोलाद-कोळशाच्या शहरातल्या क्लबला या दोघांनी युरोपच्या शिखरावर नेलं, हे खरंच आहे. त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन आलं आणि पुढे त्यांचा शब्दच शेवटचा ठरू लागला.

ऑक्टोबर २००० मध्ये क्लब फ्रँकफर्टच्या शेअर बाजारात उतरला. असं करणारा तो पहिला जर्मन क्लब. एका शेअरची किंमत ११ युरो. भांडवल आलं सुमारे तेरा-चौदा कोटी युरो. एवढा पैसा त्या काळी जर्मनीतल्या कुठल्याही प्रतिस्पर्ध्याच्या हाती एकदम आला नव्हता. क्लबपुढे ध्येय एकच, जर्मनीतल्या सर्वांत बलाढ्य क्लबच्या, बायर्न म्युनिकच्या बरोबरीला जायचं.

२००१ च्या सुरुवातीला प्रागहून तोमाश रोसित्स्की आला. त्याच उन्हाळ्यात इटलीतल्या पार्माकडून मार्सिओ आमोरोसो, सुमारे अडीच कोटी युरोंना, म्हणजे बुंडेसलीगाच्या, जर्मनीच्या सर्वोच्च लीगच्या, इतिहासातली तोवरची सर्वांत मोठी खरेदी. आमोरोसोने पहिल्याच हंगामात १८ गोल केले आणि लीगच्या सर्वाधिक गोल करणाऱ्यांत वाटेकरी झाला. खरेदी वाया गेली असं कुणी म्हणू शकत नव्हतं. स्टेडियमचे कोपरे भरून ते ऐंशी हजारांच्या पुढे नेण्याचं काम चालू होतं. शिवाय क्लबने स्वतःचा क्रीडा-कपड्यांचा ब्रँड काढला आणि फुटबॉलशी दूरचा संबंध असलेल्या इतर धंद्यांतही पैसे घातले.

शेअर विकून आलेलं भांडवल एकदाच येतं. खेळाडूंचा पगार दर महिन्याला जातो. हा साधा फरक पुसण्यासाठी पुढची दोन-तीन वर्षं एकामागून एक व्यवहार झाले. वेस्टफालेनस्टाडियॉन हे क्लबचं मैदान मोलसिरिस नावाच्या मालमत्ता-निधीला विकलं आणि त्यांच्याकडूनच भाड्याने घेतलं. या निधीत सुमारे ५,८०० गुंतवणूकदार होते, बरेचसे सामान्य बचत करणारे. इतकंच कशाला, क्लबच्या नावाचे हक्कसुद्धा २ कोटी युरोंसाठी एका विमा समूहाकडे गेले होते. ऋण काढून सण करायचा तर निदान घर आणि नाव तरी शिल्लक ठेवावं, पण तेही उरलं नाही.

मालमत्ता विकली की त्या वर्षाच्या हिशेबात उत्पन्न फुगतं. खालच्या ओळीत नफा किंवा सुसह्य तोटा दिसतो. पुढच्या वर्षी मात्र तेच मैदान भाड्याच्या रूपाने खर्चाच्या बाजूला येऊन बसतं, आणि विकण्यासारखं दुसरं काही शोधावं लागतं. ताळेबंद वाचता येणाऱ्या माणसाला हे चक्र दोन वर्षांत दिसायला हवं. डॉर्टमुंडच्या सभासदांपैकी ते वाचू शकणारे कमी नसणार. पण विजेतेपदाच्या वर्षी आकडेवारी विचारणारा माणूस सगळ्यांना रसभंग करणाराच वाटतो.

त्यातच एप्रिल २००२ मध्ये किर्श मीडिया ही बुंडेसलीगाचे दूरचित्रवाणी हक्क असलेली कंपनी दिवाळखोरीत गेली आणि सगळ्याच क्लबांचं उत्पन्न आटलं. हा धक्का सर्वांना बसला. बायर्न, ब्रेमेन, श्टुटगार्ट सगळ्यांना. डॉर्टमुंडला तो सोसवला नाही, कारण त्यांच्या अंदाजपत्रकात चूक व्हायला जागाच ठेवलेली नव्हती.

दोन निकाल

मे २००३, हंगामाचा शेवटचा दिवस. आधीच खालच्या विभागात गेलेल्या एनर्गी कॉटबुसविरुद्ध स्वतःच्या मैदानावर जिंकायचं, की चॅम्पियन्स लीगमध्ये थेट प्रवेश. सामना १-१ असा सुटला. दुसरं स्थान श्टुटगार्टला मिळालं. डॉर्टमुंडला पात्रता फेरी खेळावी लागली आणि ऑगस्टमध्ये बेल्जियमच्या ब्रुग्गे क्लबने त्यांना पेनल्टींवर बाहेर काढलं.

चॅम्पियन्स लीगचं उत्पन्न अंदाजपत्रकात आधीच धरलेलं होतं. ते आलं नाही. खेळाडूंना पगारात २० टक्के कपात मान्य करायला लावली. पुढच्या वर्षी टॉर्स्टन फ्रिंग्स बायर्नला विकला. त्याच सुमारास बायर्नने डॉर्टमुंडला २० लाख युरोंचं विनातारण कर्जही दिलं होतं. बायर्नचे तेव्हाचे अध्यक्ष उली होनेस यांनी ही गोष्ट २०१२ मध्ये, म्हणजे डॉर्टमुंड पुन्हा बायर्नला मागे टाकत असताना, उघड केली. वेळ निवडण्यात होनेस कधीच चुकत नसत.

२००३-०४ या आर्थिक वर्षाचा तोटा निघाला ६ कोटी ७७ लाख युरो.

या टप्प्यावर क्लबकडून आणि क्लबच्या मित्रांकडून जे स्पष्टीकरण ऐकू येत होतं ते होतं नशिबाचं. कॉटबुसविरुद्ध एक गोल झाला असता तर. ब्रुग्गेविरुद्ध दोन पेनल्टी आत गेल्या असत्या तर. खेळाच्या दुनियेत हे स्पष्टीकरण फार चालतं, कारण त्यात थोडं तथ्य नेहमीच असतं. एखादी पेनल्टी खांबाला लागून आत जाते किंवा बाहेर, त्यावर कुणाचं नियंत्रण नाही. पण पेनल्टीच्या निकालावर क्लबचं अस्तित्व टांगायचं की नाही, हा निर्णय पेनल्टी मारणाऱ्याचा नव्हता. तो आधी दोन वर्षं कार्यालयात झालेला होता. आणि समजा, ब्रुग्गेला हरवलं असतं. पैसा आला असता, आणखी एक आमोरोसो आला असता, आणि ही वेळ २००५ ऐवजी २००६ वर गेली असती, कदाचित आणखी मोठ्या कर्जासकट.

इंग्लंडमधल्या लीड्स युनायटेडने जवळपास याच काळात हाच जुगार खेळला. भावी तिकीटविक्री तारण ठेवून ६ कोटी पौंड उचलले, २००१ मध्ये चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी गाठली, पुढे ती स्पर्धा हुकली, २००४ मध्ये क्लब खालच्या विभागात गेला आणि मैदानही विकलं गेलं. २००७ मध्ये तो तिसऱ्या स्तरावर होता. डॉर्टमुंडची कहाणी तिथेच संपू शकली असती.

प्रश्न विचारायचा कुणी?

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथे आहे, खरेदी-विक्रीत नाही.

जर्मनीत क्लब म्हणजे मुळात सभासदांची नोंदणीकृत संस्था. १९९८ मध्ये नियम बदलले आणि व्यावसायिक संघ कंपनीत रूपांतरित करायला परवानगी मिळाली, मात्र मतांचं बहुमत मूळ संस्थेकडेच राहील या अटीवर. हाच तो ५०+१ नियम. डॉर्टमुंडने जी रचना स्वीकारली तिच्यात शेअरधारकांनी भांडवल पुरवायचं आणि कारभार एका वेगळ्या व्यवस्थापन-कंपनीने पाहायचा. ही व्यवस्थापन-कंपनी पूर्णपणे मूळ संस्थेच्या मालकीची. कागदावर तर्क उत्तम आहे: बाहेरच्या धनिकाने क्लब गिळू नये.

आता यात माणसं बसवून पाहा. मूळ संस्थेचे अध्यक्ष नीबाउम. व्यवस्थापन-कंपनीचे मुख्य संचालकही नीबाउम, जोडीला मायर. म्हणजे ज्या संस्थेने कंपनीवर लक्ष ठेवायचं तिचा प्रमुख आणि ज्याच्यावर लक्ष ठेवायचं तो, दोन्ही एकच माणूस. शेअरधारक ओरडू शकत होते, पण संचालकाला काढू शकत नव्हते. सभासद अध्यक्षाला काढू शकत होते, पण त्यांच्यासमोर येत होतं ते चषकांचं कपाट. दोन्हीकडे देखरेखीची यंत्रणा अस्तित्वात होती आणि दोन्हीकडे ती चालत नव्हती.

अखेर प्रश्न विचारले ते पत्रकारांनी. ‘किकर’ हे क्रीडा-नियतकालिक आणि ‘झ्युडडॉइचे त्साइटुंग’ हे दैनिक यांच्या बातमीदारांनी २००३ च्या अखेरीपासून क्लबच्या खऱ्या कर्जाबद्दल लिहायला सुरुवात केली. क्लबने इन्कार केले. समर्थकांतल्या काहींना तेव्हा हे क्लबविरोधी कारस्थान वाटलं होतं.

नोव्हेंबर २००४ मध्ये नीबाउम अध्यक्षपदावरून उतरले आणि फेब्रुवारी २००५ मध्ये व्यवस्थापनातूनही. मायर त्याच वर्षी डॉर्टमुंडमधून गेले आणि वर्ष संपायच्या आत एफसी कोल्नचे व्यवस्थापक झाले. फुटबॉलमध्ये उत्तरदायित्वाची सीमा बहुधा क्लबच्या फाटकापाशीच संपते. पलीकडच्या फाटकावर अनुभव तेवढा मोजला जातो.

१४ मार्च २००५

अध्यक्षपदी आले राइनहार्ड राउबाल. हेही वकील, आणि याआधी दोनदा अध्यक्ष राहिलेले. १९८४ मध्येही त्यांना आर्थिक संकटातच बोलावलं होतं. व्यवस्थापन-कंपनीची सूत्रं १५ फेब्रुवारी २००५ रोजी हान्स-योआखिम वात्स्के यांच्याकडे आली, व्यवसायाने संरक्षक कपड्यांचे उत्पादक. वात्स्के अगदी बाहेरचे नव्हते. २००१ पासून ते मूळ संस्थेचे खजिनदार होते. पैसा वाहत होता कंपनीत आणि खजिनदार होते संस्थेचे, त्यामुळे त्यांच्या हाती फारसं काही नव्हतं असं म्हणता येईल. पण घर पेटलं तेव्हा ते घरातच होते, हेही नोंदवायला हवं. पुढे त्यांना मिळालेल्या तारणहाराच्या प्रतिमेत हा तपशील विरघळून गेला.

कर्ज तेव्हा दहा कोटी युरोंच्या आसपास होतं. ११ युरोंना विकलेला शेअर तीन युरोंच्या खाली होता. बँका मुदत द्यायला तयार होत्या, पण एका अटीवर: मोलसिरिसच्या गुंतवणूकदारांनीही भाडं पुढे ढकलायला होकार द्यायचा. म्हणजे ज्या सामान्य लोकांना ‘स्टेडियमचं भाडं, बुडणार कसं?’ असं सांगून पैसे घेतले होते, त्यांच्याच हाती आता क्लबचा जीव. नकार आला तर दिवाळखोरीचा अर्ज, आणि त्यापाठोपाठ लीगचा परवाना जाऊन हौशी लीगमध्ये रवानगी.

गुंतवणूकदारांची सभा १४ मार्चला ड्यूसेलडॉर्फ विमानतळाच्या इमारतीत झाली. तासन्‌तास चालली. गुंतवणूकदार चिडलेले होते, आणि चिडण्याचा पूर्ण हक्क त्यांना होता. शेवटी ९४.४ टक्के मतं बाजूने पडली.

पुष्कळ ठिकाणी या मतदानाचं वर्णन चाहत्यांच्या प्रेमाचा विजय असं केलं जातं. मला ते पटत नाही. मतदारांपुढचा हिशेब रोकडा होता: डॉर्टमुंड बुडालं तर ऐंशी हजारांचं स्टेडियम दुसरं कोण भाड्याने घेणार? होकार देण्यातच त्यांचा कमी तोटा होता. नव्या व्यवस्थापनाचं श्रेय वेगळं आहे. त्यांनी आकडे न लपवता, ‘हे एवढं देणं आहे, एवढंच आम्ही देऊ शकतो’ असं सांगितलं. तीन वर्षांत क्लबकडून आलेलं हे पहिलं सरळ वाक्य होतं.

शिकणं म्हणजे नेमकं काय झालं

पहिली तीन वर्षं दिसायला वाईटच होती. डिसेंबर २००५ पासून स्टेडियमला सिग्नल इडुना या विमा कंपनीचं नाव लागलं. जुन्या प्रेक्षकांना ते आजही जिभेवर येत नाही. २००६ मध्ये मॉर्गन स्टॅन्लीकडून ७ कोटी ९२ लाख युरोंचं कर्ज घेऊन स्टेडियम परत विकत घेतलं आणि दोन वर्षांत ते कर्ज फेडलं. रोसित्स्की आर्सेनलला गेला. २००६-०७ च्या एका हंगामात तीन प्रशिक्षक झाले, २००७-०८ मध्ये संघ तेरावा आला. चुकीच्या नेमणुका झाल्या, चुकीचे खेळाडू आले. फरक एवढाच की आता चुका स्वस्त होत्या. तेरावं स्थान हा वाईट हंगाम होता, संकट नव्हतं.

क्रीडा विभागाचे प्रमुख मिखाएल त्सोर्क यांना मात्र कुणी काढलं नाही. ते १९९८ पासून त्या कामावर होते, म्हणजे महागड्या खरेद्यांच्या काळातही. झाडून सगळे बदलले की लोक शांत होतात, आणि नव्या व्यवस्थापनाला तसं करणं सोपं होतं. त्यांनी बहुधा वेगळा प्रश्न विचारला: या माणसाची पारख चुकली, की त्याला दिलेलं काम चुकीचं होतं? अडीच कोटींत तयार खेळाडू आण, हे एक काम. पन्नास लाखांच्या आत तरुण खेळाडू शोध, हे दुसरं. दुसऱ्या कामात त्सोर्क अव्वल निघाले. नुरी शाहीन ६ ऑगस्ट २००५ रोजी १६ वर्षं ३३५ दिवसांचा असताना बुंडेसलीगात उतरला, तेव्हाचा सर्वांत तरुण खेळाडू. धोरणाइतकीच ती गरज होती. २००८ मध्ये प्रशिक्षक म्हणून युर्गन क्लॉप आले, तेही माइन्त्स क्लबला वरच्या विभागात परत नेण्यात नुकतेच अपयशी ठरलेले. हुमेल्स, सुबोटिच, ग्योट्झे, लेवांडोव्स्की, आणि अवघ्या साडेतीन लाख युरोंना जपानहून शिंजी कागावा. २०११ आणि २०१२, लागोपाठ दोन विजेतेपदं.

ही झाली सर्वांना माहीत असलेली यशोगाथा. पण क्लब शिकला की नाही, हे विजेतेपदांवरून कळत नाही. विजेतेपद २००२ मध्येही होतंच. त्यासाठी तशाच अपयशाची दुसरी वेळ पाहावी लागते, आणि डॉर्टमुंडवर ती दोनदा आली.

पहिली २०१४-१५ मध्ये. ४ फेब्रुवारी २०१५ रोजी आउग्सबुर्गकडून घरच्या मैदानावर ०-१ हरल्यावर संघ तळाला, अठराव्या क्रमांकावर होता. हंगाम सातव्या स्थानावर संपला. चॅम्पियन्स लीग हुकली, २००३ सारखीच. या वेळी पगारकपात नाही, नाव गहाण नाही. आदल्या वर्षीच नवे शेअर काढून क्लब कर्जमुक्त झाला होता, आणि चॅम्पियन्स लीगचं उत्पन्न आल्याशिवाय पगार भागणार नाहीत असं अंदाजपत्रक आता नव्हतं. क्लॉप स्वतःहून गेले, क्लबने त्यांना सन्मानाने निरोप दिला.

दुसरी वेळ अधिक बोलकी आहे. महासाथीमुळे स्टेडियम रिकामं राहिलं आणि २०२०-२१ या वर्षाचा तोटा ७ कोटी २८ लाख युरो निघाला. आकडा २००३-०४ च्या तोट्यापेक्षा मोठा. त्या वेळी तेवढ्या तोट्याने क्लब आडवा झाला होता. या वेळी तो आधी साठवलेल्या भांडवलातून भरून निघाला, जेडन सांचो मँचेस्टर युनायटेडला विकला गेला आणि शरद ऋतूत नवे शेअर काढून साडेआठ कोटींच्या वर रक्कम उभी राहिली. रचनेतला बदलही लक्षात घ्यावा: २००५ पासून २०२२ पर्यंत संस्थेच्या अध्यक्षपदी राउबाल आणि कंपनीच्या प्रमुखपदी वात्स्के, दोन खुर्च्या आणि दोन माणसं. नियमात लिहून न ठेवताही नीबाउमकाळातली सर्वांत धोकादायक सोय तेवढी बंद झाली.

आता किंमत. सावधपणाची सवय लागली की ती मैदानावरही उतरते, असा आरोप डॉर्टमुंडवर गेली दहा वर्षं होतो. लीगमध्ये पहिल्या चारांत येणं हेच उद्दिष्ट ठरलं, उत्तम खेळाडू तयार झाला की विकायचा हे ठरलेलं, आणि बायर्नच्या मागे दुसरं येण्यात कुणाला लाज वाटेनाशी झाली. २७ मे २०२३ रोजी शेवटच्या सामन्यात माइन्त्सला घरच्या मैदानावर हरवलं असतं तर विजेतेपद नक्की होतं. सामना २-२ सुटला आणि गोलफरकावर ते बायर्नकडे गेलं. पुढच्या वर्षी संघ लीगमध्ये पाचवा आला आणि त्याच हंगामात चॅम्पियन्स लीगच्या अंतिम फेरीतही पोचला.

कर्ज काढून जिंकायचं नाही, हा २००५ चा धडा होता. माइन्त्सविरुद्धच्या त्या दुपारी कमी पडलं ते पैशाचं पाठबळ नव्हे. त्यासाठी स्वतंत्र हिशेब मांडायला हवा होता. पण आर्थिक शिस्तीचं कारण दर अपयशाला पुढे करता येतं, आणि ते खोटंही ठरवता येत नाही. २००३ मध्ये नशिबाचं स्पष्टीकरण जे काम करत होतं, तेच काम पुढच्या काळात क्लबच्या शहाणपणाने अधूनमधून केलेलं दिसतं.